आप्पांचा पायाळू

बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर हात फिरवून "मूल पायाळू दिसतंय" असं सांगितलं, त्याच संध्याकाळी आमच्या सासऱ्यांनी गावात पेढे वाटले.

डॉक्टर कोठावळेंनी ते पेढे वाटण्यासाठी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "चौतिसावा आठवडा आहे. डोकं वर, तुझ्या बरगडीखाली आहे आणि बूड खाली. अजून वेळ आहे, बरीच मुलं आपली आपण फिरतात. नाही फिरलं तर सदतिसाव्या आठवड्यात बाहेरून फिरवून बघू. तेही नाही जमलं तर सिझेरियन. घरी बाळंतपण मात्र अजिबात करायचं नाही." मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "तुम्हालाही कळलं ना?"

मल्लिनाथनं मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता.

"आणि बाळाची हालचाल रोज मोजायची," त्या मला म्हणाल्या. "जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजत राहायचं. दोन तासांत दहा वेळा तरी हाललं पाहिजे. कमी झालं, किंवा नेहमीपेक्षा गप्प वाटलं, तर थांबायचं नाही. त्याच पावली निघून यायचं."

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी माळेवाडीच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते आणि शिवलिंगआप्पा शेट्यांची धाकटी सून होते. या दोन गोष्टी एकाच बाईनं कशा केल्या, हे मला आजही नीटसं सांगता येत नाही.

आप्पा पाणाड्या होते. विहीर कुठं घ्यावी, बोअर कुठं मारावी, हे सांगायला त्यांना तीन तालुक्यांतून बोलावणी यायची. तळहातावर नारळ आडवा धरून ते शेतातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. ते पायाळू होते, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मले होते, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं अशी आमच्या भागात पक्की समजूत. त्यांचे वडील पायाळू, आजोबाही पायाळू. दोन्ही मुलगे मात्र डोक्याकडून जन्मले, त्यामुळं त्यांच्या वाट्याला बोअरची गाडी आली. आप्पांनी खूण करायची आणि मुलांनी भोक पाडायचं.

एकदा नववीच्या वर्गाकडून मी आप्पांनी दाखवलेल्या चाळीस जागांची पाहणी करवून घेतली होती. सतरा जागी पाणी लागलं होतं. डोळे मिटून दगड फेकला असता तरी आमच्या शिवारात साधारण तेवढंच लागलं असतं. कोरड्या गेलेल्या जागांची कारणंही आप्पांकडं तयार असायची. कुणी विटाळ पाळला नव्हता, कुणी मनात शंका आणली होती. मी तो कागद कपाटात ठेवून दिला. घरात कुणाला दाखवला असता तर वाचायचे कष्ट कुणी घेतले नसते.

पेढे वाटून झाल्यावर आप्पा ओसरीवर बसले आणि मला बोलावून घेतलं. ते मला मास्तरीण म्हणायचे.

"मास्तरीण, आता बाळाला फिरवायचं-बिरवायचं न्हाई. चौथी पिढी हाय. पोट फाडून काढलेला पायाळू धरत न्हाईत. आपल्या वाटंनं, पायावर चालत आला पायजे. सुईणीला मी सांगून ठिवलंय."

"डॉक्टर म्हणाल्या घरी करायचं नाही."

"डाक्टरणीला पाणी दिसतं का?"

मी मल्लिनाथकडं बघितलं. तो मान हलवत होता. कुणाला होकार देत होता ते कळायला मार्ग नव्हता. बहुधा त्यालाही नव्हता. रात्री मला म्हणाला, "आत्ता आप्पांना दुखवू नको. वेळ आली की बघू." तो एम. कॉम. होता. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझं माहेर म्हणजे पुण्यात दोन खोल्यांत राहणारा भाऊ, आणि शिवाय चौथा पायाळू आपल्याच मातीत जन्मला पाहिजे हा आप्पांचा हुकूम. तेव्हा तोही प्रश्न मिटलेला.

घरात आणखी एक बाई होती. माझी जाऊ, महानंदाअक्का. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरले भावजी गाडी घेऊन कर्नाटकात महिनेच्या महिने असायचे, त्यामुळं घर तीच चालवायची. चालवायची म्हणजे राबायची. डोक्यावरचा पदर कधी खाली नाही, आप्पांसमोर तोंडातून अक्षर नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या मागायच्या आत ती तो आणून ठेवायची आणि पाठ न दाखवता मागच्या मागं सरकायची. तिला बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आप्पांचा मला राग यायचा, मल्लिनाथची कीव यायची, पण खरी शिसारी यायची ती तिची. वाटायचं, असल्या बायका आहेत म्हणून असले पुरुष आहेत. तिला एक मूल होऊन राहिलं नाही, एवढं लग्नानंतर कानावर आलं होतं. मी अधिक विचारलं नाही. तिच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडं काही होतं असं मला वाटतच नव्हतं.

मी रोज मोजत होते. दुपारी शाळेतून आले की जेवून डाव्या कुशीवर पडायचे, उशाशी घड्याळ आणि हातात खडूचा तुकडा. भिंतीवर एकेक रेघ. पहिल्या आठवड्यात तासाभरातच दहा रेघा व्हायच्या. मग दीड तास लागायला लागला. छत्तिसाव्या आठवड्यातल्या एका बुधवारी दोन तासांत सहाच झाल्या. संध्याकाळी पुन्हा पडले. बऱ्याच वेळानं एक हलकासा धक्का, आणि मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी माझं ओटीभरण होतं. आप्पांनी ते नवव्या महिन्यात मुद्दाम थाटात ठेवलं होतं. मांडव घातला होता, गावजेवण होतं, आणि बार्शीच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार कॅमेरा घेऊन येणार होता. 'पाणाड्या घराण्याची चौथी पिढी' असा मथळासुद्धा आप्पांनी त्याला देऊन ठेवला होता. जन्माला यायच्या आधीच पोराची बातमी.

सकाळी मी मल्लिनाथला खोलीत बोलावलं.

"काल संध्याकाळपासून बाळ हाललेलं नाही. आपल्याला बार्शीला जायला हवं."

"आज?"

"आज. आत्ता."

त्यानं घड्याळ बघितलं. "अकराला लोक येणार. आप्पांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

तो गेला आणि दहा मिनिटांत आप्पांनाच घेऊन आला. आप्पांनी नवं धोतर नेसलं होतं, डोक्याला केशरी फेटा होता. दारातच उभं राहून त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं, कोरड्या शेताकडं बघतात तसं.

"बैठक धरून बसलंय," ते म्हणाले. "पायाळू पोर उगं वळवळ करत न्हाई. पाण्याचा अंदाज घेत असतंय. तू काळजी करू नगंस."

"आप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय की —"

"जेवणं झाली की मल्लिनाथ घिऊन जाईल. चार घंट्यानं काय आभाळ पडत न्हाई."

"आप्पा म्हणतायत ते बरोबर आहे," मल्लिनाथ म्हणाला. "पंगत उठली की लगेच निघू. शब्द देतो."

आता इथं मी काय केलं ते सांगते. मी, बी. एस्सी. बी. एड., जिनं चाळीस बोअरची पाहणी केली होती, जिला आप्पांच्या प्रत्येक वाक्यातला भंपकपणा कळत होता, ती मी गेले आणि हिरवी साडी नेसले. मोगऱ्याचे दागिने बांधून घेतले. जिथं बस म्हणाले त्या पाटावर बसले. बाहेर लोक जमले होते आणि लोकांसमोर तमाशा नको, असं मला वाटलं. पोटावर हात ठेवून मी आतल्या आत मोजत होते, आणि मोजायला काहीही नव्हतं.

बातमीदारानं माझे आणि आप्पांचे फोटो घेतले. आप्पांनी तळहातावर नारळ धरून दाखवला. गावातल्या बायका एकेक करून ओटी भरून गेल्या. शेवटी महानंदाअक्का आली. स्वयंपाकघरातून आली होती, हाताला पिठाचे डाग तसेच. तिनं कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि तांदूळ घातले आणि वाकल्यावाकल्याच तिचा उजवा हात माझ्या पोटावर आला. तो तिनं उचलला नाही. वर, बरगडीखाली जिथं बाळाचं डोकं होतं तिथं, मग खाली, मग बाजूला. बायका पाठीमागं हसतखिदळत होत्या.

"कधीपासनं हाललं न्हाई?" तिनं खाली बघतच विचारलं.

"काल संध्याकाळपासून."

"आन तू हितं बसलीस?"

तीन वर्षांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"माझंबी असंच गप झालं होतं," ती म्हणाली. "दोन दिस. तवाबी आप्पा ह्येच बोलले, बैठक धरलीय म्हणून. ऊठ."

तिनं माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. ओटीतले तांदूळ पाटावर सांडले. आप्पा बातमीदाराशी बोलत होते, ते थांबले.

"थोरले, कुठं निघाली तिला घिऊन?"

"दवाखान्यात."

"पंगत बसायची हाय."

"वाढून घ्या," महानंदाअक्का म्हणाली. "तुमचं तुमी."

ती ओरडली नव्हती. मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं तशा आवाजात बोलली होती. आप्पांचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यभर जमिनीखालचं ओळखणाऱ्या माणसाला हे येताना दिसलं नव्हतं. मल्लिनाथ जीपजवळ उभा होता, किल्ली हातात घेऊन. अक्का त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"चला भावजी."

त्यानं आप्पांकडं बघितलं. मग मला म्हणाला, "तुम्ही फाट्यापर्यंत पुढं व्हा. मी एवढी पहिली पंगत वाढून आलोच. पाहुणे आलेत, बरं दिसत नाही."

त्यापुढं त्याच्याशी बरीच वर्षं संसार केला. चांगला म्हणता येईल असा केला. पण तो काहीही बोलत असला तरी ते वाक्य मला आधी ऐकू यायचं.

फाटा अर्ध्या किलोमीटरवर होता. डोक्यावर ऊन, अंगावर मोगऱ्याच्या माळा, आणि अक्काचा हात माझ्या कमरेला. फाट्यावर दुधाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन बार्शीला चालला होता. अक्कानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो थांबवला. ड्रायव्हरनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं.

वाटेत ती बोलली. मी काही विचारलं नव्हतं.

"सा वर्सं झाली. माझंबी पायाकडून होतं. सुईण म्हणाली दवाखान्यात न्या, तर आप्पा म्हणाले, न्यायाचं न्हाई. गप झाल्यावर दोन दिसांनी कळा आल्या. पाय आलं, अंग आलं, आन डोस्कं अडकलं. किती येळ ते मला ठाव न्हाई." टेम्पो खड्ड्यातून गेला, तिनं माझ्या पोटाखाली हात धरला. "पोरगी होती. जिती नव्हतीच. आप्पा दाराभाईर हुते. सुईण भाईर गेली तसं त्यांनी इचारलं, पाय आधी आलं न्हवं?"

कॅन एकमेकांवर आदळत होते. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"काय विचारलं?"

"पाय आधी आलं का, म्हणून. सुईण व्हय म्हणाली. तवा आप्पा म्हणाले, मग घराण्याचा गुण हाय अजून."

बार्शी येईपर्यंत तिनं माझ्या पोटाखालचा हात काढला नाही.

दवाखान्यात डॉक्टर कोठावळेंनी मला पाहिलं, गळ्यातल्या फुलांकडं पाहिलं, आणि थेट टेबलावर घेतलं. पोटावर यंत्र लावलं. ठोक्यांचा आवाज आला तेव्हा मी रडायला लागले, पण डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला नाही. ठोके मधेच मंद व्हायचे, पुन्हा सावरायचे, पुन्हा मंद. त्यांनी घाईघाईनं सोनोग्राफी केली आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

"कधीपासून हालचाल कमी होती?"

"कालपासून."

"काल का नाही आलीस? तू शिक्षिका आहेस ना?"

कारण काय सांगायचं होतं, फोटो काढायचे होते म्हणून?

"सहीला नवरा कुठाय?"

"पंगतीत वाढतायत," अक्का म्हणाली. "मी करते सही."

मी माझी सही केली आणि खाली तिनं तिची. एकेक अक्षर थांबून, वेलांटी चुकू नये म्हणून ओठ दाबून. नातं लिहायच्या जागी तिनं 'जाऊ' लिहिलं. फुलांच्या माळा नर्सनं कात्रीनं कापल्या.

मला मुलगी झाली. पावणेदोन किलोची, निळसर, आधी रडलीच नाही, मग रडली. ऊब द्यायच्या पेटीत तिला पाच दिवस ठेवलं. पहिली पंगत, दुसरी पंगत आणि शेवटी घरच्यांची पंगत आटोपून मल्लिनाथ साडेचारला आला. तोवर सगळं झालं होतं. त्यानं मान हलवली.

आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. फेट्यासकट. खोलीत येऊन त्यांनी माझी विचारपूस केली नाही, मुलगी कुठं आहे तेही विचारलं नाही. डॉक्टर टाके बघायला आल्या होत्या, त्यांनाच त्यांनी गाठलं.

"बाई, काढताना आधी पाय धरलं का डोस्कं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. हा माणूस कोण असावा, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसला. मग मला वाटतं, त्यांनी त्यांना काळजीत पडलेला साधा आजोबा समजून समजावून सांगितलं. "पाय आधी आले. पण ते महत्त्वाचं नाही हो. बाळाभोवती पिशवीत पाणी असतं ना, ते जवळजवळ आटलं होतं. पाणी नाही म्हणून तिला फिरताही येत नव्हतं आणि हालताही येत नव्हतं. नाळेचे दोन वेढे मानेला. अजून दोन-तीन तास गेले असते तर हाती लागली नसती. पाणी असं एका दिवसात आटत नाही, पोट उतरलेलं दिसतं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

मल्लिनाथ खिडकीबाहेर बघायला लागला. आप्पांनी फेट्याचा शेमला पुढं घेतला, मागं टाकला. "बायकांचं काम ते," म्हणाले आणि बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात बातमी छापून आली, नारळासह फोटो. पाणाड्या घराण्यात कन्यारत्न, पायाळूच, आजोबांनी आधीच ओळखलं होतं. नंतर नऊ वर्षं ते पाणी दाखवत राहिले आणि लोक त्यांना जीप पाठवत राहिले. जगात मूर्खांचा तुटवडा कधी पडत नाही. त्यांत मी स्वतःला वगळत नाही. त्या गुरुवारी दीड तास मी पाटावर बसले होते.

मी माळेवाडीला परत गेले नाही. बार्शीत खोली घेतली, शाळा बदलून घेतली. मल्लिनाथ सहा महिन्यांनी आमच्याकडं राहायला आला. तिथंही त्यानं निर्णय घेतला असं म्हणता येणार नाही. बोअरची गाडी बंद पडली होती.

पण मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं. सकाळी मुलीला पेटीतून काढून माझ्याजवळ दिली. अक्का पाच दिवस माझ्या उशाशी होती, आता एस. टी.नं परत निघाली होती. पिशवीत लुगडं घालत होती.

"अक्का, तिथं जाऊ नका," मी म्हटलं. "त्या माणसाच्या हाताखाली कशाला राहता? आपण दोघी इथं राहू. मला तर तुम्ही लागणारच आहात."

तिनं पिशवीची गाठ मारली.

"माझी पोरगी तितं हाय," ती म्हणाली. "परसात पुरलीय. मी आले तर तिच्याजवळ कोण?"

रोज सकाळी मी उंबऱ्यात उभी राहून चूळ टाकायचे, ती त्याच परसात. तीन वर्षं. कुणी मला सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं. ती मला बावळट वाटायची आणि बावळट बाईला कशाला काय विचारायचं.

"तिचं नाव ठेवलं होतं का?" मी विचारलं.

अक्का थांबली. माझ्या मुलीच्या कपाळावर तिनं एक बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"आजवर कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. मग तिनं नाव सांगितलं, हळू आवाजात, जवळ कुणी झोपलेलं असावं तसं.

आमच्या मुलीचं नाव आम्ही दुसरं ठेवलं. मल्लिनाथ म्हणाला होता, तेच ठेवू, वहिनींना बरं वाटेल. मी नाही म्हटलं. ते नाव ज्या मुलीचं होतं, तिचं ते होतं.